लेकाच्या जागेवर, गरम पाण्यात

ये गं, अशी जवळ बस. तो मोबाइल हातात धरून हलवू नकोस, साखरेच्या डब्याला टेकव, म्हणजे मला तुझं कपाळ न दिसता तोंड दिसेल. हां. आता आधी मला सांग, तू भिशीत काय सांगत सुटलीस? म्हणे, आमची ताई जपानला जाऊन आली! अगं, निळा झगा घातलेला माझा एक जुना फोटो ग्रुपवर काय आला, लगेच जपान? मोठ्या बहिणीला एक फोन करून विचारावं, तर ते नाही. आधी सगळ्या पेठेत बातमी आणि मग मला, "ताई, जपानला थंडी होती का गं?"

थंडी होती. पण जपान नव्हतं. ऑस्ट्रेलियाच होतं. आमच्या घरापासून गाडीने दोन-अडीच तासांवर डोंगर आहेत, तिथे एका जपानी बाईंनी त्यांच्या पद्धतीचं राहायचं ठिकाण काढलंय. जमिनीवर झोपायचं, जमिनीवर जेवायचं आणि मधल्या वेळात गरम पाण्यात बसायचं. म्हणजे आपण लहानपणी आजोळी जे करत होतो तेच, फक्त इथे त्यासाठी सहा महिने आधी बुकिंग लागतं.

आणि मजा करायला मी गेलेच नव्हते. मला कामगिरीवर पाठवलं होतं. ते सांगते, मध्ये बोलू नकोस.

तुला माहीत आहे, माझा मुलगा वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे आणि सून पॅरामॅटाला एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करत होती. तिला मनापासून शिकवायची आवड. तिथून विमानाने दोन तासांवर, ॲडलेडजवळ, मॉसन लेक्स म्हणून गाव आहे, तिथल्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, ती शिकली, तिथेच तिने अर्ज केला आणि तिथून तिला ऑफर आली. दोन वर्षांचं काम. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. त्या ऑफरवरून घरात आठ दिवस अबोला. भांडण असतं तर परवडलं असतं गं, भांडणात निदान काय चाललंय ते कळतं. हे दोघं एकमेकांना "मीठ दे", "थँक्यू" एवढंच म्हणायचे. मी मध्ये बसून पोळी वाढायची.

त्यातच त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आला. हे जपानी बुकिंग त्याचं होतं, दोघांचं. शुक्रवारी संध्याकाळी मुलगा म्हणाला, "मला शिफ्ट लागलीय, मी येत नाही." खरंच लागली होती की मागून घेतली होती, देव जाणे. सून म्हणाली, "ठीक आहे. आई, तुम्ही चला. बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत."

मी म्हटलं, "अगं, तुमचा वाढदिवस, मी काय करू तिथे?"

"मी काय करणार आहे? तेच तुम्ही करा."

आता बोल. सकाळी ती गाडी काढायला खाली गेली आणि मुलाने मला दारात गाठलं. "आई, तू बोल ना तिच्याशी. तुझं ऐकते ती. तिला सांग, थांब म्हणावं." सहा फुटांचा मुलगा, पण असा उभा होता, जणू शाळेच्या सहलीला पाठवत नाही म्हणून रुसलाय. मी म्हटलं, "बोलते रे." कुठल्या आईने नाही म्हटलं असतं? म्हणून मी लेकाच्या जागेवर, लेकाचा निरोप घेऊन, सुनेशेजारी गाडीत बसले. वाटेत तीनदा घसा खाकरला. तिन्ही वेळा तिने मला खोकल्याची गोळी दिली.

पोचलो तर दारात मालकीणबाई उभ्या. वय माझ्याएवढंच असेल, पाठ मात्र ताठ. त्यांनी वाकून नमस्कार केला. मी हात जोडले. त्या आणखी वाकल्या. मला वाटलं आपण कमी पडलो, म्हणून मीही वाकले. त्या आणखी. शेवटी माझी कंबर धरली तेव्हा सुनेने मला दंडाला धरून सरळ केलं. "आई, बास. त्या थांबणार नाहीत."

चपला बाहेर काढल्या, ते आपल्यासारखंच, मला बरं वाटलं. पण मग आत घालायला सपाता दिल्या. त्या घातल्या, तर खोलीच्या दाराशी त्याही काढायच्या. संडासात जायच्या सपाता आणखी वेगळ्या. मी म्हटलं, मी आपली अनवाणी फिरते, तर मालकीणबाईंचा चेहरा असा झाला की मी मुकाट्याने सपाता घातल्या. कुठे कुठल्या, हे शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा मी चुकीच्या घालून जेवायला निघाले होते, तेव्हा सुनेने मला मागे ओढलं.

खोलीत पलंग नाही. टेबल आहे ते घोट्याएवढं. भिंती कागदाच्या. मी सुनेला विचारलं, "सामान यायचंय का अजून?" ती म्हणाली, "नाही आई, हेच." कोपऱ्यात दोन झगे घडी करून ठेवलेले, एक मोठा निळा, एक लहान गुलाबी. नवऱ्याचा आणि बायकोचा. त्या झग्याला त्यांचा काहीतरी शब्द आहे, सुनेने चारदा सांगितला, माझ्या लक्षात राहत नाही. तर तो मोठा निळा झगा, जो माझ्या मुलाच्या मापाचा मागवला होता, तो मला आला. पायात लोळत होता. सुनेने कमरेशी दोन चुण्या घालून वर खोचला आणि मागे होऊन माझ्याकडे बघितलं. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. तेव्हाच तिने तो फोटो काढला. तो बघून तू मला जपानला पाठवलंस.

हसली म्हणून मला वाटलं, आता बोलावं. मी सुरुवात केली, "अगं, संसारात ना..." तेवढ्यात कागदाचं दार सरकलं आणि मालकीणबाई चहा घेऊन आल्या. हिरवा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि मी तो पिईपर्यंत हलल्या नाहीत. पुढे मी जेव्हा जेव्हा तोंड उघडलं तेव्हा तेव्हा त्या काहीतरी घेऊन आल्या. एकदा बिस्कीट. एकदा गरम पंचा. मला शंका यायला लागली की सुनेने त्यांना सांगून ठेवलंय.

मग पाण्याचं. मी सुनेला विचारलं, हे पाणी आपल्या वज्रेश्वरीसारखं जमिनीतून गरम येतं का? तिने मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, बोअरचं आहे, बॉयलरवर तापवतो. म्हणजे बघ, डोंगर ऑस्ट्रेलियाचा, पद्धत जपानची आणि पाणी आपल्या बंबासारखं तापवलेलं. मी म्हटलं, "मग घरच्या बाथरूममध्ये काय वाईट होतं?" सून म्हणाली, "आई, तुम्ही एकदा बसून तर बघा."

दुपारी चारची वेळ आम्हाला दिली होती. बागेत एक लाकडी खोपटं, त्याच्या मागे दगडांचं टाकं, वाफा येताहेत, भोवती बांबूचं कुंपण. तासभर ते फक्त आपलं. नवरा-बायकोसाठी राखलेलं, दुसरं कुणी येत नाही. आणि गं, काही घालायचं नाही. म्हणजे काहीही नाही. वज्रेश्वरीला आपण लुगड्यासकट उतरायचो ना? इथे हातभर पंचा फक्त. मी म्हटलं, "मी बाहेर बसते, तू कर." सून लाल झाली, तरी म्हणाली, "मी भिंतीकडे तोंड करते. तुम्ही बघू नका, मी बघत नाही."

अशा वेळी तिला नोकरीचं काय विचारू? निरोप द्यायला अंगावर निदान एक कापड तरी हवं.

पण आत गेले आणि मला जरा हायसं वाटलं. कारण टाक्यात उतरण्याआधी अंग धुवायची जागा होती आणि ती थेट आपल्या न्हाणीघरासारखी. बसायला बुटकं लाकडी स्टूल, लाकडी बादली, ओतायला तांब्यासारखं भांडं, समोर नळ, साबण. इतकी वर्षं ह्या देशात उभ्याने शॉवर घेऊन माझी अंघोळ अर्धवट व्हायची. त्या स्टुलावर बसले आणि अंगावर पहिलं पाणी घेतलं, तेव्हा वाटलं, आता इथलं सगळं मला कळतंय. हे एक ठिकाण माझ्या ओळखीचं आहे.

तिथेच घात झाला.

सून आधी आटपून टाक्यात उतरली होती, माझ्याकडे पाठ करून, डोळे मिटून. माझी अंघोळ झाली. समोर टोपलीत आमचे झगे, आतले कपडे. आता तूच सांग, अंघोळ झाल्यावर पारोसे कपडे परत अंगावर चढवायचे का? आईने आपल्याला काय वळण लावलं? काढलेलं तिथल्या तिथे धुवायचं, पिळायचं आणि वाळत टाकूनच बाहेर यायचं. ते झगे घालून आम्ही संडासातसुद्धा जाऊन आलो होतो. समोर बादली, समोर साबण, बसायला स्टूल. मला वाटलं, ह्याचसाठी ठेवलंय. मी दोन्ही झगे भिजवले. चांगले चोळले. आतले कपडे धुतले. टोपलीत मोठे टॉवेल होते, तेही घेतले, म्हटलं, कुणी वापरलेत कोण जाणे. सगळं पिळून त्या बांबूच्या कुंपणावर ओळीने वाळत घातलं. निळा, गुलाबी, पांढरे. छान दिसत होतं.

मग टाक्यात उतरले. आहाहा, म्हणेपर्यंत सुनेने डोळे उघडले.

"आई... ते काय आहे?"

"धुतले मी. तुझेही धुतले."

"झगे?"

"हो. पारोसे होते."

"दोन्ही? आणि टॉवेल?"

"हो गं. साबणाला वास चांगला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, आता आपण बाहेर कसं जायचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे न्हाणीत जाताना कोरडं पातळ खांद्यावर टाकून जातो. इथे मी तेच तेवढं विसरले होते. बाहेर जुलैची थंडी, म्हणजे इथला हिवाळा. खोली बागेच्या दुसऱ्या टोकाला. तिचा फोन खोलीत, कारण इथे आणायचा नाही असा नियम. हाक मारावी तर ऐकायला कुणी नाही. आणि हातात प्रत्येकी हातभर पंचा.

"तास संपला की त्या दार वाजवायला येतील," सून म्हणाली. "तोपर्यंत पाण्यातच बसायचं."

मला वाटलं आता चिडेल. ती चिडलीही. "आई, तुम्ही विचारायचं तरी ना! प्रत्येक गोष्ट धुवायलाच हवी का? मागे माझा लोकरीचा कोटसुद्धा..." आणि मग त्या कुंपणाकडे बघून तिला हसू फुटलं. इतकं की पाणी हिंदकळलं. मलाही फुटलं. दोघी गळ्यापर्यंत पाण्यात आणि समोर माझ्या मुलाचा निळा झगा ठिबकतोय.

हसू ओसरल्यावर तीच म्हणाली, "बोला आता. सकाळपासून खाकरताय. त्याने सांगून पाठवलंय ना?"

मी काय खोटं बोलणार? नागव्याने खोटं बोलता येत नाही गं, खरंच येत नाही. म्हटलं, "हो. तू थांबावंस असं तो म्हणतो."

"का, ते सांगितलं?"

आणि तिथे माझी गडबड उडाली. कारण त्याने का ते सांगितलंच नव्हतं. मी आपलं मनचं सांगायला लागले. म्हटलं, त्याच्या जेवणाचे हाल होतील. ती म्हणाली, "तो तुमच्यापेक्षा चांगले पोहे करतो." ते खरंच आहे. मग म्हटलं, घराला घरपण राहणार नाही. ती म्हणाली, "तो रात्रपाळीला असतो तेव्हा कुठे असतं?" मग म्हटलं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "कुठले लोक, आई? शेजारच्याला आपलं आडनाव येत नाही."

मी तोंडावर पाणी मारलं. डोळ्यांवर चष्मा नव्हताच, त्यात वाफ, मला काही दिसेना झालं होतं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "मला करमणार नाही."

ते मी बोलायचं ठरवलं नव्हतं. पण बघ ना, संध्याकाळी लाइट रेलने, म्हणजे ट्रामने, कोण घरी येतं? सून. माझ्याबरोबर चहाला कोण बसतं? मालिकेतली सासू किती वाईट आहे ह्यावर माझ्याशी कोण वाद घालतं? मुलगा बिचारा शिफ्टवरून येतो आणि झोपतो. ती गेली की त्या घरात दुपारपासून रात्रीपर्यंत मी आणि फ्रिज. मग मी मुलासाठी तिला थांब म्हणत होते की माझ्यासाठी? मला खरंच कळेना. निरोप कुणाचा होता, लेकाचा की माझा, ते पाण्यात पार मिसळून गेलं होतं.

मी ते तसंच तिला सांगितलं. म्हटलं, "मी कुणाच्या बाजूने बोलतेय ते मलाच कळत नाहीये."

तिने पंचा पिळून डोक्यावर ठेवला. मग म्हणाली, "आई, मी सोमवारी नाहीच म्हणणार होते. माझी आई म्हणते, नवऱ्याला विचार. तो म्हणतो, आईला विचार. मला काय वाटतं, हे मला कुणी विचारलंच नाही."

"मग तुला काय वाटतं?"

"जावंसं वाटतं." आणि रडायला लागली. गरम पाण्यात रडलेलं दिसत नाही, पण खांदे दिसतात. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाला अकरा वर्षं झाली, सुनेच्या पाठीला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. लग्नातली हळदसुद्धा तिला तिच्या माहेरच्यांनीच लावली होती.

मी म्हटलं, "मी जा म्हणत नाही. थांब पण म्हणत नाही. मला समजत नाही तिथे मी नाही बोलणार."

"मग तुम्ही चला माझ्याबरोबर," ती नाक ओढत म्हणाली.

"मी? आणि तो?"

"तोही चालेल. हॉस्पिटलं तिकडेही असतात."

दार वाजलं. मालकीणबाई आत आल्या आणि कुंपणाकडे बघून जागच्या जागी थांबल्या. पदरासारखी बाही तोंडावर घेतली. मला वाटलं, आता बोलणार. पण त्या वळल्या आणि दोन कोरडे झगे घेऊन आल्या. ह्या वेळी दोन्ही लहान, दोन्ही गुलाबी. धुतलेले त्यांनी तसेच वाळत राहू दिले. हसल्या की रागावल्या, मला त्या बाहीमागचं काही कळलं नाही. मी हात जोडले, त्या वाकल्या, आणि सून ओरडली, "आई, आता पुन्हा सुरू करू नका."

जेवणात वीस वाट्या आल्या आणि भात सगळ्यात शेवटी. मी भाताची वाट बघत आधीचं सगळं परत पाठवत होते. ते जाऊ दे.

सकाळी मी सवयीने गाद्या गुंडाळत होते तर मुलाचा फोन आला. "आई, बोललीस का?"

"बोलले."

"मग काय म्हणते?"

म्हटलं, "ते मी नाही सांगणार. बायको तुझी आहे, तिला का थांबवायचंय ते तू सांग. मला विचारलं तेव्हा मला एक धड कारण देता आलं नाही. फोन तिच्याकडे देते." तो "आई, थांब, थांब" करत होता. मी दिला.

ती फोन घेऊन बागेत गेली. मी कागदाच्या दाराच्या फटीतून बघत होते. ऐकू येत नव्हतं, टीव्हीचा आवाज बंद करून बघावं तसं. आधी ती हात नाचवत होती, म्हणजे इंग्रजीत चाललं होतं, रागात ती दोघं इंग्रजीत जातात. मग थांबली. मग दगडावर बसली आणि नुसती ऐकत राहिली. मालकीणबाई चहा घेऊन आल्या, माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि त्याही बाहेर बघायला लागल्या. त्यांना काय कळत होतं कोण जाणे. मलाही कळत नव्हतं. दोघी म्हाताऱ्या बघत बसलो.

आत आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, त्याला भीती वाटते."

"कसली?"

"मी परत येणार नाही ह्याची." तिने डोळे पुसले. "हे त्याला आठ दिवसांत बोलता येत नव्हतं, आई?"

म्हटलं, त्याचे वडीलही असेच होते.

सोमवारी तिने होकार कळवला. मुलाने तो मेल तिच्या शेजारी बसून वाचला आणि एक स्पेलिंग दुरुस्त केलं. त्यावरून पुन्हा थोडं वाजलं, पण ते चांगलं वाजणं होतं.

आता मी मॉसन लेक्सला आहे, तिच्याबरोबर. घर लागेपर्यंत म्हणून आले, ते राहिलेच. मुलगा एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी विमानाने येतो, येताना तिकडच्या दुकानातली कोथिंबीर आणतो, जणू इथे मिळतच नाही. इथल्या दोन हॉस्पिटलांत त्याने अर्ज केलेत, उत्तर नाही. तिचं काम दोन वर्षांचं, पुढचं माहीत नाही. दोन घरं, दोन भाडी आणि माझी औषधं कधी ह्या घरी, कधी त्या घरी. हे चांगलं झालं की वाईट, विचारशील तर मी अजून सांगू शकत नाही गं. ती सकाळी युनीत जाताना गुणगुणते, ते ऐकते तेव्हा वाटतं, बरं झालं. तो रविवारी रात्री बॅग घेऊन दारात उभा राहतो तेव्हा वाटतं, मी त्या दिवशी नुसतं थांब म्हटलं असतं तर? रोज वेगळं उत्तर येतं.

म्हणून म्हणते, तू ये. व्हिसाचं काय ते पोराच्या मागे लागून करून घे, आज-उद्या करत बसू नकोस. दुपारी ह्या घरात मी एकटी असते, समोर तळं आहे, बदकं आहेत, त्यांच्याशी किती बोलणार? तू मला धाकटी, पण तुला नेहमी माझ्याआधी कळतं. ये, चार दिवस ह्या दोघांना बघ, तो आला की त्याला बघ आणि मला सांग, मी बरोबर केलं का. आणि नाही सांगता आलं तरी चालेल, नुसती माझ्याशेजारी चहाला बस. लवकर ये.